कुंपणापर्यंतचा पाऊस

एप्रिलच्या पहिल्या तारखेपासून जुलैच्या शेवटच्या तारखेपर्यंत पेंगेलींच्या शेतावर एकशे एक्केचाळीस मिलिमीटर पाऊस पडला. तारेच्या कुंपणापलीकडे, रेक्स ओट्वेच्या शेतावर, पंचावन्न. दक्षिणेच्या शेजाऱ्यांकडे, शूल्झांकडे, त्रेपन्न. तिन्ही शेतांवर गवताची काडी नव्हती.

हे आकडे ‘मेरिंगाल क्रॉनिकल’च्या चौथ्या पानावर छापून आले. वर एका बाईच्या मांडीवर मावणार नाही एवढ्या भोपळ्याचे छायाचित्र होते, आणि खाली सूचना: चर्चच्या सभागृहातून झाकणाचे काचेचे भांडे ज्यांनी नेले त्यांनी ते रविवारपर्यंत परत ठेवावे, नाव आम्हांला ठाऊक आहे. गावात या साप्ताहिकाला सगळे ‘चिंधी’ म्हणत आणि शुक्रवारी सकाळी तिच्यासाठी बेकरीच्या दारात ताटकळत उभे राहत.

अंक घरी पोहोचला तेव्हा नोरीन पेंगेली एका मेंढीच्या पोटाखाली दोन्ही हात घालून वाकली होती. मेंढी गाभण होती आणि दोन दिवसांपासून बसल्या जागची उठत नव्हती. पलीकडून तिचा नवरा क्लेम मागच्या मांडीची लोकर मुठीत धरून उचलत होता.

“तीन म्हटलं की उचल,” क्लेम म्हणाला. “एक, दोन–”

मेंढी उभी राहिली, चार पावले गेली आणि पुढच्या गुडघ्यांवर कोसळली. क्लेमने कंबरेवर हात ठेवून आकाशाकडे पाहिले. आकाश निळे, स्वच्छ आणि निरुपयोगी होते. तारेच्या खांबावर तीन कावळे बसले होते. ते मेंढी मरण्याची वाट पाहत नसत, डोळ्यांपासून आधीच सुरुवात करत. नोरीनने ढेकूळ उचलून भिरकावले. कावळे पुढच्या खांबावर जाऊन बसले.

तीनशे चाळीस मेंढ्या होत्या. त्या विण्याला तीन आठवडे उरले होते. ओटचा पेंढा गुरुवारी संपला होता आणि आता दोघे नवराबायको कुंपणाच्या कडेची शी-ओकची झाडे तोडून पाला घालत होते. करवतीने नोरीनच्या तळहातांना फोड आले होते. ते फुटून वाळले होते आणि पुन्हा फुटत होते. सगळी भिस्त शनिवारच्या आगगाडीवर होती. किनाऱ्याकडच्या शेतकऱ्यांनी गोळा करून पाठवलेले गवत त्या गाडीने यायचे आणि तालुक्याची चारा समिती ते वाटायची.

घराच्या ओसरीत सासरे हेडली भिंग धरून चौथे पान वाचत बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर. रोज सकाळी नऊच्या ठोक्याला अंगणातल्या पितळी पर्जन्यमापकातले पाणी खुणांच्या काचेत ओतून वाचायचे, वहीत लिहायचे आणि सोमवारी चिंधीला फोन करून आठवड्याचा आकडा सांगायचा, हा त्यांचा एक्केचाळीस वर्षांचा नेम होता. पत्नीच्या अंत्ययात्रेच्या दिवशीही त्यांनी तो चुकवला नव्हता. आठवड्याचे आकडे बारीक टाइपात येत, ते कोणी ताडून पाहत नसे. हंगामाची बेरीज मात्र ठळक चौकटीत येई.

“चौकट आली,” ते म्हणाले.

“किती?” नोरीनने हात पुसत विचारले.

“एकशे एक्केचाळीस.”

ती थांबली. मग त्यांच्या हातातून पान घेऊन तिने स्वतः वाचले, आणि शेजारचे ‘कुंपणावरून’ नावाचे विनोदी सदरही वाचले. त्यात लिहिले होते: *पोहायला समुद्रावर जायची गरज नाही. पेंगेलींच्या शेतावर चड्डी घेऊन जा.*

शनिवारी सकाळी क्लेमने ट्रक काढला. नोरीन शेजारी बसली. स्टेशनाबाहेर पंचवीस-तीस ट्रक रांगेत होते, आणि फलाटावर रेक्स ओट्वे हातात यादी घेऊन उभा होता. रेक्स समितीचा अध्यक्ष होता आणि क्लेमच्या लग्नात त्याच्या शेजारी उभा राहिलेला मित्रही होता.

रांग पुढे सरकत असताना मागून कोणीतरी ओरडले, “क्लेम! टॉवेल आणलाय बघ मी!”

हशा पिकला. क्लेमने मागे पाहिले नाही. त्याच्या मानेवर लाली चढलेली नोरीनला दिसली.

रेक्सने यादीवरून नजर वर केली नाही. “तुझं नाव नाहीये, क्लेम.”

“नाहीये म्हणजे?”

“समितीने काढलं. शंभराच्या वर पाऊस झालेल्यांना नाही द्यायचं, असं ठरलंय. गवत पुरत नाहीये रे.”

“तू माझ्या कुंपणाला कुंपण लावून राहतोस, रेक्स,” क्लेम हळू आवाजात म्हणाला. “रोज सकाळी माझी मेलेली मेंढरं बघतोस.”

“बघतो.”

“मग?”

“मग काय! मी बघून काय होतंय? उद्या शूल्झ विचारणार, याला का दिलं? मी काय सांगू, मित्र आहे म्हणून? समितीला कागद लागतो. चिंधीत आलंय ते.”

नोरीन ट्रकमधून उतरली. “चिंधीत माझ्या लग्नाच्या बातमीत नवरी म्हणून तुझ्या बहिणीचं नाव आलं होतं, रेक्स. तिला आणून घालायची का क्लेमच्या घरात?”

रांगेत पुन्हा हशा पिकला. या वेळी तो रेक्सला बोचला. “चिडून उपयोग नाही, नोरीन. दुरुस्ती छापून आण. छापून आलं की त्याच दिवशी नाव लिहितो, शपथ.”

“आणि तोवर?”

रेक्सने पेन्सिल कानावर ठेवली. “पुढचा ट्रक,” तो म्हणाला.

रिकामा ट्रक खड्ड्यांतून जास्त आदळतो.

रविवारी दुपारी, मटणाच्या ताटांवर, क्लेमने काटा खाली ठेवला.

“डॅड, तुम्ही आकडा काय सांगता चिंधीच्या त्या लायलला?”

“जो असतो तो.”

“एकशे एक्केचाळीस?”

“काचेत जेवढं येतं तेवढं मी लिहितो.”

“बाहेर या एकदा. तळ्याच्या तळाला भेगा पडल्यात, हात जातो आत कोपरापर्यंत. कुठे गेलं ते एकशे एक्केचाळीस?”

हेडलींचा उजवा हात मेजाच्या कडेवर थरथरत होता. गेले वर्षभर तो थरथरत होता आणि त्याविषयी घरात कोणी बोलायचे नाही, असे न ठरवता ठरले होते. त्यांनी तो मांडीवर घेऊन डाव्याने दाबून धरला.

“म्हातारपणी मोठेपणा मिरवायचा असेल तर दुसरं काहीतरी मिरवा,” क्लेम म्हणाला. “तुमच्या चौकटीपायी आज सकाळी सात मेंढ्या ओढून नेल्या मी.”

“क्लेम,” नोरीन म्हणाली.

“तू मध्ये पडू नकोस.”

हेडली उठले. ताट तसेच ठेवून ते आपल्या खोलीत गेले. दार त्यांनी हळूच लावले. आपटले असते तर नोरीनला बरे वाटले असते.

तिचा स्वतःचा संशय वेगळा होता. लग्नाआधी सहा वर्षे ती लोणी कारखान्याच्या प्रयोगशाळेत दुधातला स्निग्धांश मोजत असे. माणसे खोटे बोलतात त्याहून अधिक वेळा ती निष्काळजीपणा करतात, हे तिने तिथे पाहिले होते. आणि मेरिंगालमध्ये निष्काळजीपणाचे एकच अधिकृत कार्यालय होते.

सोमवारी ती त्या कार्यालयात शिरली. लायल ड्र्यू हा चिंधीचा संपादक, छपाईचे खिळे जुळवणारा, जाहिराती घेणारा आणि फुटबॉलचा वार्ताहर होता. त्याच्यामागच्या फळीवर ‘सापडले’ या सदरातल्या वस्तू मांडल्या होत्या: डाव्या पायाचा बूट, कवळी, एक तुतारी, कोणाच्या तरी कुत्र्याचे बक्षीस. भिंतीवर गाजलेली ‘चूकभूल’ चौकटीत लावली होती. त्या सदरात चिंधी आपल्या आणि इतरांच्या चुका छापायची. गाव पहिल्या पानाच्या आधी ते वाचायचे, आणि ज्याचे नाव त्यात येई त्याला पुढले वर्षभर दारूच्या गुत्त्यात ते पाठ म्हणून दाखवायचे.

“पोहायचे कपडे आणलेस?” लायल हसत म्हणाला. मग त्याने तिचा चेहरा पाहिला. “बस, बस. गंमत होती ती.”

“गमतीने माझ्या मेंढ्या मरतायत. तुझा आकडा चुकलाय.”

“माझा?”

“तुझा नाही तर काय माझा? तुझ्या हातून आजवर काय धड छापलं गेलंय, लायल? मेथॉडिस्ट पाद्र्याला तू मेलेला दाखवलास. तो रविवारी येऊन प्रवचन देऊन गेला.”

“ती दुरुस्ती मी छापली होती!”

“मेंढ्यांच्या भावांखाली!”

लायलने खण उघडला आणि फोनशेजारची वही तिच्यासमोर टाकली. “बघ. सोमवार, नऊ वाजून दहा, हेडली. दर सोमवारी. म्हातारा सांगतो, मी लिहितो, मग त्याला वाचून दाखवतो. तोच म्हणतो, वाचून दाखव म्हणून. सगळ्या तालुक्यात तो एकटा म्हणतो तसं. तुझ्या सासऱ्याचा आकडा चिंधीत चुकत नाही, नोरीन. बाकी सगळं चुकत असेल.”

तिने पाने उलटली. छापलेला प्रत्येक आकडा वहीतल्या आकड्याशी जुळत होता. रागाला टेकायला भिंत होती, ती सरकली. तेव्हा तिला तोल जातो की काय असे वाटले.

“दुरुस्ती छाप,” ती म्हणाली.

“काय छापू? चुकलं? कशामुळे चुकलं? उद्या गवतासाठी अर्धा तालुका येईल, आमचाही पाऊस कमी करा म्हणून. कारण आण, मी छापतो. बुधवारी दुपारपर्यंत.”

“तुझ्या त्या कुंपणावरच्या चड्डीला कारण लागलं नव्हतं.”

तिने लायलकडे फेब्रुवारीपासूनचे सगळे अंक मागितले, त्याने ते काढून दिले.

घरी परतताना तिने वाटेत ट्रक थांबवला, अंक मांडीवर पसरले आणि पेन्सिलने कडेला आकडे लिहायला घेतले. ओट्वे नऊ, पेंगेली तेवीस. ओट्वे चार, पेंगेली दहा. सात, अठरा. दोन, पाच. पाऊस शेतागणिक थोडा इकडेतिकडे होतो, तेवढा फरक सोडला तर प्रत्येक आठवड्यात पेंगेलींचा आकडा ओट्वेंच्या अडीचपट होता. ढग इतका शिस्तीचा नसतो. बढाई मारणारा माणूसही इतक्या शिस्तीचा नसतो, तो कधी दुप्पट सांगेल, कधी चौपट. चार महिने एकाच पटीने चुकणारी गोष्ट म्हणजे उपकरण.

मार्चपर्यंतचे आकडे शेजाऱ्यांशी जुळत होते, हेही तिच्या लक्षात आले.

संध्याकाळी पश्चिमेकडून ढग आले. क्लेमने त्यांना एक शिवी दिली, सवयीने. नोरीनने पीचचे तीन रिकामे डबे, सरळ भिंतींचे, छपरापासून आणि झाडांपासून दूर अंगणात मातीत रोवले.

“हे काय आता?” क्लेमने विचारले.

“पाऊस मोजतेय.”

“घरात एक मोजणारा आहे तो पुरे नाही का?”

रात्रीतून पाऊस पडला. सकाळी नोरीनने पोलादी पट्टी घेऊन तिन्ही डब्यांतले पाणी मोजले. पाच मिलिमीटर, पाच, आणि पाचाला किंचित कमी. कुंपणापलीकडे रेक्स आपल्या मापकाशी उभा होता.

“किती रे?” तिने ओरडून विचारले.

“पाच!”

नऊला हेडली बाहेर आले. रविवारपासून ते क्लेमशी बोलले नव्हते. त्यांनी पितळी नळकांड्यावरचे नरसाळे उचलले, आतले भांडे काढले आणि कोटाच्या खिशातून काच काढली. सून दोन पावलांवर उभी आहे हे पाहून ते थबकले.

“ओता, डॅड,” ती म्हणाली.

थरथरत्या हाताने, पण एकही थेंब न सांडता, त्यांनी पाणी ओतले. काच डोळ्यांच्या उंचीवर धरली आणि पाणी स्थिरावेपर्यंत श्वास रोखला. इतके काटेकोर वाचन नोरीनने प्रयोगशाळेतही क्वचित पाहिले होते.

“बारा पूर्णांक आठ,” ते म्हणाले.

नोरीनने काच त्यांच्या हातातून घेतली. तिच्यावर लाल अक्षरांत छापले होते: *मेरिंगाल क्रॉनिकल, शंभर वर्षे. वाचकांस सप्रेम भेट.*

गेल्या नाताळात चिंधीने प्रत्येक वर्गणीदाराला एक छोटे पर्जन्यमापक भेट दिले होते, पत्र्याचे नळकांडे आणि त्याची काच. कोणी ते कुंपणाच्या खांबावर ठोकले, कोणी त्यात फुले ठेवली. पेंगेलींकडे आधीच पितळी मापक होते, हवामान खात्याच्या जुन्या मापाचे, तालुक्यात ते एकच उरले होते. म्हणून भेटीचा खोका छपरीत पडून राहिला होता.

तिने पट्टी पितळी नरसाळ्याच्या तोंडावर आडवी ठेवली. आठ इंच. मग छपरीत जाऊन तिने तो खोका शोधला. पत्र्याचे नळकांडे आत तसेच होते. तोंड पाच इंच. रुंद तोंडात पाणी जास्त पडते, आणि काचेच्या खुणा पाच इंची तोंडासाठी होत्या. आठ आठे चौसष्ट, पाच पाचे पंचवीस. भागाकार तिने पायरीवर बसून मनात केला. दोन पूर्णांक छप्पन्न. पाच मिलिमीटरचे बारा पूर्णांक आठ.

खोक्यामागे तंबाखूचा डबा होता. तो हलवल्यावर आत किणकिण वाजली.

हेडली छपरीच्या दारात उभे होते.

“मार्चमध्ये,” ते म्हणाले. “ओततानाच जुनी काच हातातून निसटली. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा.”

“सांगायचं होतंत.”

“काय सांगायचं होतं? हात गेला म्हणून? म्हणजे क्लेमने दुसऱ्या दिवशी वही काढून घेतली असती माझ्याकडून. ट्रकची चावी घेतली तशी.” ते थांबले. “भेटीतली पण काचच ती, म्हटलं. मिलिमीटरच्या खुणा आहेत. मिलिमीटर म्हणजे मिलिमीटर.”

“जमीन कोरडी दिसत नव्हती?”

“दिसत होती ना! रोज दिसत होती.” त्यांचा आवाज प्रथमच चढला. “पण मला शिकवलंय की जमीन बघून आकडा लिहायचा नाही. काचेत असेल तो लिहायचा. माणूस आपल्याला हवं ते बघतो. मला कमी पाऊसच हवा होता, पोरी, गवत मिळालं असतं. म्हणूनच नाही कमी केला.”

नोरीनला आतापर्यंत आलेला सगळा राग साचून राहिला होता. रेक्सवरचा, लायलवरचा, टॉवेल आणणाऱ्यावरचा. तो आता या माणसावर ओतायचा, तर त्याने केलेली चूक सोडून बाकी सगळे तिने स्वतः केले असते तसेच केले होते. तिने तंबाखूचा डबा फळीवर इतक्या जोरात ठेवला की झाकण उडाले.

क्लेम करवत घेऊन येत होता. तिने त्याला दोन वाक्यांत सांगितले. त्याने बापाकडे पाहिले, काचेकडे पाहिले.

“चिंधीची काच,” तो म्हणाला. “त्यांनीच दिली, त्यांनीच छापलं, त्यांनीच दात काढले. नोरीन, लायलला फोन लाव. सांग, तुझ्या फुकटच्या काचेने फसवलं म्हणून छाप. डॅडचं नाव कशाला घालायचं त्यात?”

फोनवर लायल आधी हसला आणि मग एकदम गंभीर झाला. “काच ठीक होती, नोरीन. तिच्या खोक्यावर लिहिलंय, फक्त सोबतच्या मापकासाठी. पण ऐक, ‘तांत्रिक कारणाने’ एवढंच टाकतो मी. म्हाताऱ्याला चूकभूलमध्ये कशाला ओढायचं? गुत्त्यात जीव नकोसा करतील त्याचा.”

“त्याने रेक्सचं समाधान होईल?”

“रेक्सचं...” लायलने सुस्कारा टाकला. “समितीत शूल्झ आहे. तो नाही मानणार.”

हेडलींनी डावा हात पुढे केला. नोरीनने फोन त्यांच्याकडे दिला.

“लायल, पेन्सिल घे,” ते म्हणाले. “मी सांगतो तसं लिही. आणि नंतर मला वाचून दाखव.”

क्लेमने करवत भिंतीला टेकवली आणि बापासाठी खुर्ची आणून फोनशेजारी ठेवली. हेडली बसले नाहीत.

शुक्रवारपर्यंत आणखी एकोणीस मेंढ्या गेल्या. सकाळी साडेसातला रेक्सचा फोन आला. “वाचलं,” तो म्हणाला. “उद्या ट्रक आण. चाळीस गठ्ठे लिहिलेत.” मग तो म्हणाला, “म्हाताऱ्याला सांग... नको, काही सांगू नकोस.”

“तूच सांग,” नोरीन म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

अंक मेजावर पडला होता. हेडलींनी कात्रीने मजकूर कापला, चार प्रयत्नांत, आणि वहीत एप्रिलच्या पानावर चिकटवला:

*चूकभूल. पेंगेली यांच्या शेतावर एप्रिल ते जुलै या काळात पडलेला पाऊस एकशे एक्केचाळीस नसून पंचावन्न मिलिमीटर आहे. त्यांच्या पर्जन्यमापकाचे तोंड आठ इंचांचे आहे. त्याची काच मार्चमध्ये हेडली पेंगेली यांच्या हातून पडून फुटली. त्यांचा हात थरथरतो. त्यांनी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही आणि पाच इंची मापकाची काच वापरली. त्यामुळे प्रत्येक नोंद दोन पूर्णांक छप्पन्न पट झाली.*